निळ्या मावशीने सोडलेली लाट

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल सर्फिंगच्या स्पर्धेचं विचारलं, तर फोनवर "पहिल्याच हीटमध्ये बाहेर" एवढंच बोललीस. म्हणजे पहिल्याच फेरीत हरलीस. जेवलीस का विचारलं, तर "हो." तुझं ते "हो" मला चांगलं कळतं. टॉर्कीच्या समुद्राचं पाणी गार असतं, सूट जाड घेतलास ना, हे विचारायचं राहूनच गेलं.

तुला निळी मावशी आठवते? तू नऊ वर्षांची होतीस. भिंतीवर पोस्टर सर्फर स्टेफनी गिलमोरचं, पण जीव मात्र या बाईवर, निळ्या टोकाच्या फळीवर. आपण तेव्हा ट्वीड हेड्सला राहायचो, न्यू साउथ वेल्सच्या सीमेवर. सीमेपलीकडे क्वीन्सलँडात स्नॅपर रॉक्सच्या किनाऱ्यावर सर्फिंग क्लबची स्पर्धा सातला, म्हणून मी तुम्हाला पावणेसातला ओढत नेलं, तर किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. उन्हाळ्यात आपलं घड्याळ क्वीन्सलँडच्या तासभर पुढे, हे दरवर्षी विसरायचं! तासभर बसून डब्यातले पोहे संपवले. बाबांनी तेवढ्यात वाळूच्या पंपाचं व्याख्यान दिलं: 2001पासून ट्वीड नदीच्या दक्षिणेची वाळू नळांनी नदीखालून इकडे आणून टाकतात, म्हणून ही लाट पलीकडच्या किरा किनाऱ्याच्या दिशेने एवढी लांब धावते. तू ऐकलं नाहीस. मीही नाही, पण मान हलवली.

मग त्या चौघी खडकावरून उड्या टाकून आत गेल्या. निळ्या मावशीला नेमकी पिवळी जर्सी आली, त्यावर तू रुसलीस. सुरुवातीच्या तिच्या दोन लाटा बऱ्या होत्या. दहापैकी गुण, सगळ्यांत चांगल्या दोन लाटांची बेरीज, चौघींतल्या दोघी पुढे, हे तूच मला समजावत होतीस. शेवटची दोन मिनिटं उरली आणि सेट आला, म्हणजे लागोपाठ मोठ्या लाटा. पहिली लाट तिच्या अगदी पुढ्यात. तिने ती सोडली. मागून मोठी येतेय असं तिला वाटलं असणार. मोठी आलीच नाही. भोंगा वाजला, आणि ती फळीवर तशीच बसून राहिली, समुद्राकडे तोंड करून. तिसरी आली, 0.2 ने.

तू रडलीस, हे तुला आठवत असेल. पुढचं कदाचित नसेल. या क्लबातून स्टेफनी गिलमोर, मिक फॅनिंग, जोएल पार्किन्सन असे जगज्जेते निघाले, पण गुण द्यायला मांडवात बसायचं सभासदांनीच. पाच मिनिटांत मावशी टॉवेल गुंडाळून तिथे हजर. तुझे डोळे बघून तिने तुला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि हातात पेन्सिल दिली. शाई ओली होते म्हणून पेन्सिल. ती आकडा सांगायची, तू लिहायचीस. तिच्या केसांतलं पाणी कागदावर ठिबकत होतं. तिला हरवणारी मुलगी पुढच्या फेरीत उतरली, तेव्हा मावशी एकटक बघत राहिली आणि म्हणाली, "साडेसात." मग थांबून, "नाही, आठ कर." तू खोडलंस, फार जोरात, कागद फाटला.

तो फाटका कागद तिने तुलाच दिला. माझ्या मसाल्याच्या वह्यांत आहे, हळदीचे डाग पडलेत. हवा असेल तर पाठवते.

मेथीचे लाडू सोमवारी पोस्टात टाकते. रविवारी फोन कर, आठला. तुझ्या आठला, माझ्या नव्हे.

तुझी,
आई