खुले पत्र: सड्यावर सिमेंटचा ज्वालामुखी कुणासाठी?

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या गावावरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या सपाट पठारावर, दख्खनच्या ज्वालामुखी दगडाची ओळख करून देणारं पर्यटक माहिती केंद्र होणार आहे. त्याच्या सर्वेक्षणाला आलेल्या साहेबांनी देवळात बसून गावाला शब्द दिला होता, की तुम्हाला विचारल्याशिवाय सड्यावर कुदळ पडणार नाही. गेल्या सोमवारी कुदळ नाही, थेट जेसीबीच चढला. पायाच्या चाचणीसाठी म्हणे. सड्याच्या मधोमध जांभा फोडून पुरुषभर खोल खड्डे काढून ठेवलेत, तेही पावसाच्या तोंडावर. जिथे श्रावणात डबकी भरतात आणि सीतेची आसवं फुलतात, तिथे आता राडारोड्याचे ढीग आहेत.

आराखडा आम्हाला कुणी दाखवला नाही. मी तो मुकादमाच्या मोबाइलवर पाहिला. पश्चिमेला काचेची भिंत, पेव्हर ब्लॉकचं अंगण, लॉन आणि मध्यभागी सिमेंटचा शंकूसारखा ज्वालामुखी. रात्री त्याच्या तोंडातून धूर निघणार, लाल दिवे लागणार.

महोदय, दख्खनचा हा दगड असल्या शंकूच्या तोंडातून उसळलेला नाही. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहिला आणि भाकरींची चवड रचावी तसे थरावर थर बसत गेले. आजही हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. ज्या केंद्राने लोकांना हे सांगायचं, तेच दारातच खोटं बोलणार असेल तर ते हवंय कशाला? 2025 मध्ये पाचगणी-महाबळेश्वरच्या दख्खन ट्रॅपचं, म्हणजे याच लाव्ह्याच्या थरांचं, नाव युनेस्कोच्या वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेलं, तेव्हापासून जो तो या दगडावर भाषण करतो. दगड पाहायला मात्र कुणी वाकत नाही.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मुलांना दरवर्षी गावाखालच्या बंद पडलेल्या खाणीत घेऊन जायचो. तिथल्या कड्यात सगळं उघडं पडलेलं आहे. तळाला घट्ट काळा दगड, त्यावर वीतभर जाडीचा तांबडा, भुसभुशीत पट्टा, त्यावर पुन्हा भोकाभोकांचा दगड आणि त्या भोकांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात तयार झालेली माती, वरून आलेल्या लाव्ह्याने भाजून निघालेली. वरून मुरत आलेलं पाणी या पट्ट्याशी अडतं आणि आडवं फुटून बाहेर येतं. एप्रिलमध्येसुद्धा तिथे हात लावला तर बोटं ओली होतात. माहिती केंद्र तिथे बांधा ना! आधीच कापलेला डोंगर आहे, नवा कापायला नको. एक भिंत निसर्गानेच दिली आहे, उरलेल्या तीन जांभ्याच्या चिऱ्यांच्या उभारा, वर उतरतं कौल घाला. आमच्या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. आमच्या बायका पश्चिमेच्या भिंतीला गवताची झड बांधतात, आणि सल्लागार तिथेच काच लावतात!

जग बघा. अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर कापेलिन्योसला 1957-58 मध्ये समुद्रातून उद्रेक झाला, दीपगृह अर्धं राखेत गाडलं गेलं. तिथलं केंद्र 2008 मध्ये उघडलं, तेही जमिनीच्या पोटात, वरचा राखेचा उजाड माळ तसाच दिसावा म्हणून. स्पेनच्या लान्सारोते बेटावर सेसार मानरिके या कलाकाराने लाव्ह्याच्या भुयारातच लोकांना बसायला जागा केली. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? वेरूळचं कैलास लेणं याच बेसाल्टमध्ये, वरून खाली कोरत आणलेलं आहे. दगड कसा ओळखावा हे ज्यांना कळत होतं त्यांच्या प्रांतात आपण सिमेंटचे डोंगर ओततोय.

हे मी केवळ सौंदर्यासाठी लिहीत नाही. माझ्या घराला पाणी त्या सड्याखालच्या झऱ्याचं आहे. सडा पाऊस पितो आणि आम्हाला पुढे उन्हाळ्यापर्यंत पुरवतो. खड्डे पडल्यापासून झऱ्याला गढूळ, तांबडं पाणी येतंय. माझी पत्नी गुडघ्याच्या दुखण्याने बेजार आहे, तरी हंडा घेऊन खालच्या विहिरीवर जाते. आमची खालची जमीन वडिलांच्या हयातीत धरणात गेली. ते मोबदल्याच्या फायली घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवतच वारले. आता वरचं पाणी जाणार. रस्त्यासाठी बांधालगतची पट्टी मी स्वखुशीने सोडली होती, केंद्र झालं तर पोरांना गावातच काम मिळेल म्हणून. त्या संमतीपत्राची प्रत मागायला गेलो तर कारकून म्हणाला, 'गुरुजी, आता कशाला चौकशा करता?'

खर्चाचा आकडा कुणी नऊ कोटी सांगतं, कुणी चौदा. फलकावर रकमेची जागा कोरी आहे. बांधायला पैसा असतो, चालवायला नसतो. अजिंठ्याजवळ जपानच्या कर्जातून उभं केलेलं अभ्यागत केंद्र पाणी आणि विजेच्या थकबाकीपायी बंद पडलं होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल, याच काळ्या दगडाच्या उभ्या खांबांची टेकडी, इमारतींनी चहूबाजूंनी घेरली. घाटात रस्ते रुंद करताना कडे उभे तासतात आणि पावसाळ्यात दरड कोसळली की निसर्गाच्या नावाने बोटं मोडतात. सह्या करणारा बदलून जातो, बिल काढणारा दुसऱ्या तालुक्यात टेंडर भरतो, आणि ज्याला या डोंगराखाली झोपायचंय त्याला कुणी विचारत नाही. याला कारभार म्हणायचं का?

खड्डे पाऊस लागायच्या आत त्याच जांभ्याने आणि त्याच मातीने बुजवा. आराखडा मराठीत ग्रामसभेपुढे ठेवा आणि तो काढणाऱ्याला त्या सभेला पाठवा, आधी त्याला मी खाण दाखवतो. झऱ्याच्या पाण्याची तपासणी करून अहवाल गावाला द्या. तोवर रस्त्यासाठी दिलेली संमती मी मागे घेत आहे. तसा अर्ज तहसील कार्यालयात दिला असून पोच माझ्याकडे आहे.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक