यंत्र आहे, शेजाऱ्याला नाही

महोदय,

विद्यापीठांनी महागड्या संशोधनात एकमेकांना सहकार्य करावे, हा कालच्या अग्रलेखातला सल्ला उत्तम आहे. फक्त तो चुकीच्या पत्त्यावर गेला. विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्यांना तो पाठवायला हवा होता.

मी रसायनशास्त्र शिकवत असे. खरेदी समितीपुढे एकदा एनएमआर यंत्राचा, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने रेणूंची रचना ओळखणाऱ्या यंत्राचा, प्रस्ताव आला. तासाभराच्या अंतरावरच्या विद्यापीठात तसेच यंत्र होते आणि निम्मा वेळ रिकामे असायचे. तेच वापरू, त्या पैशात त्यांच्याकडे नसलेले काही घेऊ, असे मी सुचवले. उत्तर आले, ‘सर, एनआयआरएफची राष्ट्रीय क्रमवारी यंत्रांवरचा आपला खर्च बघते. दुसऱ्याचे यंत्र वापरल्याचे मार्क कोण देणार?’ यावर काय बोलणार!

यंत्र आले, फीत कापली गेली. ऑपरेटरचे पद मात्र मंजूर झाले नाही. या यंत्राचा चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवावा लागतो. हेलियम सतत थोडा थोडा उडत असतो, तो वेळच्या वेळी भरावा लागतो. आमची हेलियमच्या बिलाची फाइल ‘खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली?’ असा शेरा घेऊन लेखा विभागात पडून राहिली. हेलियमला शेरे वाचता येत नसल्याने तो उडून गेला आणि चुंबक बंद पडला. मग आमची मुले नमुन्यांच्या नळ्या घेऊन त्याच शेजाऱ्यांच्या दारात. तिथले साहेब विचारायचे, ‘तुमच्याकडे आहे ना?’

आपल्याकडे हे जमतच नाही, असे कृपया छापू नका. १९८४ मध्ये दिल्लीत कणत्वरकासाठी, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रासाठी, आंतरविद्यापीठ केंद्र निघाले, १९८८ मध्ये खगोलशास्त्रासाठी तसेच केंद्र पुण्यात, आयुका. दिल्लीचा त्वरक कोणा एका विद्यापीठाचा नाही, त्यामुळे मानापमानही नाहीत. प्रस्ताव पाठवा, पसंत पडला तर बीम टाइम, म्हणजे त्वरक वापरायची वेळ, मिळतो. दोन कुलगुरूंच्या सामंजस्य करारातून असे काही निघत नाही, निघतो तो फोटो. यंत्र तिसऱ्याच्या मालकीचे हवे आणि त्यासोबत पगारी माणूस हवा.

संशोधन नियतकालिकांच्या बाबतीत केंद्राने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ करून दाखवलेच की. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सगळ्या सरकारी संस्थांची वर्गणी एकत्र. मग हेलियम आणि ऑपरेटर एकत्र का मिळू नयेत?

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जुलै २०२२ मध्ये सार्वजनिक संस्थांच्या संशोधन उपकरणांवरची जीएसटी सवलत काढून घेतली आणि ५ टक्क्यांचा कर १८ टक्क्यांपर्यंत गेला. सरकारने अनुदान द्यायचे आणि त्यातूनच कर कापून घ्यायचा, हेही सहकार्यच म्हणायचे. त्यावर आपला अग्रलेख आल्याचे मला तरी आठवत नाही.

— एक निवृत्त प्राध्यापक