आरोग्य शिबिरात कमरेचे मापही घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या आरोग्य शिबिरांच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी येतात. फोटोत वजनकाटा असतो, रक्तदाबाचे यंत्र असते. कमरेचे माप घेणारी टेप मात्र मी आजवर एकाही फोटोत पाहिलेली नाही. ३६ वर्षे शिंपीकाम केल्यामुळे माझे लक्ष आधी तिकडेच जाते. त्याला घरचेही कारण आहे.

माझा धाकटा भाऊ दिसायला सडपातळ. हातपाय काटकुळे, उंची साडेपाच फूट, वजन ६२ किलो. दोन वर्षे लागोपाठ तो शिबिरात गेला आणि दोन्ही वेळा कार्डावर ‘वजन योग्य’ असा शेरा घेऊन आला. साखर तपासायच्या रांगेत तो उभाच राहिला नाही. बारीक माणसाला कसली आली साखर, असे आम्हीही म्हणालो. ४७ व्या वर्षी त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि भरती केल्यावर मधुमेहही निघाला. तो वाचला. घरी आल्यावर मी जुन्या मापवह्या काढल्या. दहा वर्षांत त्याचा खांदा तोच, बाही तीच, मांडी अर्ध्या इंचाने कमी, आणि पोट साडेतेहतीसवरून सदतीस. हे आकडे मी माझ्या हाताने लिहिले होते. त्यांचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता.

तो नंतर डॉक्टरांनी समजावला. मांड्यांवर आणि नितंबांवर कातडीखाली साठणारी चरबी त्या मानाने निरुपद्रवी असते, ती शरीराची कोठीच म्हणायची. पोटाच्या आत आतड्यांभोवती साठणारी चरबी वेगळी. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले (फॅटी ॲसिड) रक्तातून थेट यकृतात जातात. यकृतावर चरबी चढते, साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला ते जुमानत नाही आणि गरज नसताना साखर रक्तात सोडत राहते. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, चांगले कोलेस्टेरॉल घटते, हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात. फ्रान्समधील मार्सेयच्या डॉ. जाँ वाग यांनी चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते याकडे १९४७ मध्येच लक्ष वेधले होते.

आपल्यासाठी याहून महत्त्वाचे काम पुण्यात झाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, तरी पाठीवर चिमटीत येणारी चरबी आपल्या बाळांत वजनाच्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे वरून बारीक आणि आतून चरबीदार ही आपली ठेवण जन्मापासूनची आहे. म्हणून तर भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० धरली आहे. इंचात साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत (२०२३) बीएमआयने लठ्ठ ठरलेले प्रौढ २८.६ टक्के होते, तर पोट सुटलेले ३९.५ टक्के. मधला फरक वजनकाट्यावर कसा दिसणार?

‘माझी पँट चौतीसची आहे’ या उत्तरावर कोणी विसंबू नये. पोट सुटले की माणूस पँट पोटाखाली सरकवतो. बेल्टच्या जागी चौतीसच भरते आणि वर पोट चाळीस असते. अशी शेकडो गिऱ्हाइके मी पाहिली आहेत. बायकांचे तर आणखी अवघड, कारण परकराच्या नाडीला माप नसते. ती थोडी सैल बांधली की झाले. बाळंतपणाने पोट सुटले म्हणून दुर्लक्ष होते आणि पाळी थांबल्यावर चरबी पोटाकडे सरकते तेव्हाही कोणाच्या लक्षात येत नाही. माप घ्यायचे ते शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, उभे राहून, श्वास सहज सोडून झाल्यावर. पोट आत ओढायचे नाही आणि टेपही आवळायची नाही.

आशाताई तिशीवरील माणसांचा जो तपासणी तक्ता भरतात, त्यात कमरेच्या मापाचा रकाना आहे. सरकारला पटलेली ही गोष्ट शिबिरे भरवणारी मंडळे, पतसंस्था आणि कारखाने यांच्या कार्डावर का येऊ नये? टेपला असे किती पैसे पडतात? ज्याची कंबर मर्यादेबाहेर, त्याचे वजन कितीही योग्य असो, त्याला साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी तपासायला पाठवलेच पाहिजे. मुद्दा आपल्या वृत्तपत्राने लावून धरावा, ही विनंती.

आमच्या तालुक्यात कोणी शिबिर भरवले तर मी टेप घेऊन दिवसभर बसायला तयार आहे. बायकांची मापे माझी पत्नी घेईल. तिने ३० वर्षे ब्लाउज शिवले आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिंपी, कऱ्हाड