माळवदाची घरं पाडायला पैसे मिळतात, मजबूत करायलाही मिळू द्या: ग्रामविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. ग्रामविकास मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी लातूर जिल्ह्यातला. नोकरीमुळं पुण्यात राहतो, सिव्हिलचा डिप्लोमा केलाय त्यामुळं बांधकामातलं थोडं कळतं. विषय आमच्या गावाकडच्या घराचा आहे, पण तसली घरं लातूर, धाराशिव, सोलापूर, बीड सगळीकडं आहेत, म्हणून उघड लिहितोय. मागणी एकच आहे, घरकुलाचे जे पैसे नवीन घर बांधायला मिळतात तेच जुनं दगडी माळवदाचं घर मजबूत करायला पण घेता आले पाहिजेत, ज्याला घ्यायचे त्याला.

ज्यांनी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं घर चौरस फुटात मोजत नाहीत, खणात मोजतात. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. दगडाच्या बैठकीवर लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर सरे म्हणजे आडव्या बारीक कड्या, त्यावर लाकडाच्या बारक्या फळ्या, मग पाला-काड्या आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती जुन्या गावठाणातली, पाणी पडलं की घट्ट बसते. काळ्या मातीचं माळवद करत नाहीत कारण काळी उन्हात भेगाळते आणि गळते. भिंती काळ्या दगडाच्या, विहीर खोदताना निघालेला, रानातला वेचलेला, दर्शनी बाजूला वडारांनी घडवलेला. भिंत दोन-तीन फूट रुंद, त्या रुंदीतच कोनाडे, दिवळ्या, आणि दाराच्या मागं भिंतीत सरकणारा अडसर. खिडक्या जवळजवळ नाहीतच. एक कारण ऊन, दुसरं कारण चोर-दरोड्याची भीती. उजेड वरून साण्यातून यायचा, साणं म्हणजे माळवदातलं भोक, दुपारी त्यातून उन्हाचा खांब माजघरात उतरायचा आणि आजी त्याच्यावरून वेळ सांगायची.

आणि बळद. भिंतीला लागून बंद अरुंद खोली, वरून ज्वारी ओतायची, खालच्या भोकातून लागेल तशी काढायची. आमच्या बळदाच्या तोंडाशी लाकूड हाताच्या घासण्यानं काचेसारखं गुळगुळीत झालंय, चार पिढ्यांचे हात आहेत ते. मे महिन्यात लातूरला पारा ४० च्या वर जातो तेव्हा शेजारच्या स्लॅबच्या घरात बसवत नाही, सगळी गल्ली आमच्या ओसरीत येऊन पडते.

आता साहेब, भूकंपाचं बोलल्याशिवाय या घरांचं नाव घेता येत नाही आणि मी ते टाळणार पण नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लोक गणपती विसर्जन करून झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं अशाच दगड-मातीच्या घरांखाली गेली, हजारो माणसं गेली. आमचं गाव तिथून तीसेक किलोमीटर, आमच्या घराला तडे गेले पण पडलं नाही, मी तेव्हा तिसरीत होतो आणि पुढचे कित्येक महिने आम्ही शेतात पत्र्याखाली झोपलो. आई अजून माजघरात दार लावून झोपत नाही. त्यामुळं दगडी घर म्हटलं की लोकांना भीती वाटते ती खोटी नाही.

पण ती घरं का पडली हे पण बघायला पाहिजे ना. रुंद भिंत दिसायला भक्कम, पण आतून ती दोन वेगवेगळ्या भिंती असतात, बाहेरचा थर आणि आतला थर, मध्ये दगडाची कपची आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधणारा आरपार लांब दगडच बहुतेक ठिकाणी नव्हता, त्यामुळं हादरा बसला की दोन्ही थर फुगून सुटे झाले. दुसरं कारण माळवदाची माती. दरवर्षी पावसाळ्याआधी गळू नये म्हणून नवी माती टाकायची आणि धुम्मसानं, म्हणजे जड ठोकळ्यानं, चोपायची, जुनी मात्र कोणी काढायचं नाही. वर्षानुवर्षं थर चढत दोन-दोन फूट झाले, म्हणजे एका चौरस मीटरवर जवळपास एक टन वजन! जी गोष्ट घर टिकावं म्हणून केली तिनंच घात केला. आणि तरीसुद्धा जिथं खांब-तुळईचा सांगाडा नीट होता तिथं भिंती ढासळल्या पण लाकडावरचं छत वरच राहिलं, हे तेव्हा पाहणी केलेल्या इंजिनियर लोकांनी नोंदवलेलं आहे. शिवाय तोपर्यंत भूकंपाच्या नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता, २००२ च्या नकाशात तो झोन ३ मध्ये आला. आपल्या पणजोबांना तर कुठला नकाशाच नव्हता.

उपाय पण कागदावर आहेत, नवीन शोधायचे नाहीत. १९९३ चंच भारतीय मानक आहे, आयएस १३८२८, त्यात सरळ लिहिलंय की दगडी भिंतीत दर ६० सेंटीमीटर उंचीला आणि आडव्यात जास्तीत जास्त १.२ मीटरवर आरपार दगड पाहिजे. जुन्या भिंतीत तो बसवता येतो, दगड काढून आरपार भोक करायचं, सळई टाकून काँक्रीट भरायचं. वरची माती उतरवून सहा-आठ इंचावर आणायची, मध्ये जाड प्लास्टिकचा कागद टाकायचा म्हणजे गळत पण नाही. खांब आणि तुळईच्या जोडावर तिरपे टेकू द्यायचे, भिंतीला वरून पट्टा बांधायचा. गावातला गवंडी आणि सुतार दोन-चार दिवसांत शिकेल असलं काम आहे. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं जे पुनर्वसन झालं त्यात ५२ गावं नवीन जागी वसवली आणि बाकी गावांसाठी दुरुस्ती-मजबुतीकरणाचा भाग पण होता, म्हणजे सरकारला हे करता येतं. तेव्हा बऱ्याच लोकांनी मजबुतीकरणाच्या पैशातून नवी खोलीच बांधली, हे पण खरं, कारण भीती ताजी होती आणि मजबूत केलेलं घर टिकतं हे दाखवायला डोळ्यासमोर कुठलं घर नव्हतं.

आज काय होतंय ते सांगतो. मोठी घरं वाटणीत खणाखणानं वाटली गेलीत, एका भावाला चार खण, दुसऱ्याला तीन, चौकात मध्येच भिंत. म्हणजे कागदावर प्रत्येकाचं घर दोन खोल्यांचं आणि दगड-मातीचं म्हणून कच्चं. मग प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये नाव येतं, सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, किमान २५ चौरस मीटर बांधायचं असतं. योजना कुठं पाडा म्हणत नाही, पण गावठाणात दुसरी जागा कुठंय? माझ्या चुलतभावानं तेच केलं, त्याला मी दोष देत नाही, त्याच्या वाट्याचं माळवद गळत होतं आणि दोन लेकरं आहेत. पण तुळई दोन्ही घरात एकच होती. जेसीबी आला, त्यानं त्याच्या बाजूची तुळई कापली आणि आमच्या ओसरीचं टोक अधांतरी झालं, आता तिथं बाभळीचा टेकू लावलाय. नक्षीचं दार आणि खांब लाकडाचा व्यापारी त्याच दिवशी टेम्पोत घालून घेऊन गेला. घडीव दगड नव्या घराच्या पायात गाडले गेले. त्याच्या बाजूचं बळद गेलं. एका दुपारचं काम.

आपण किल्ल्यांसाठी एवढं भांडतो, मुंबईत हेरिटेज इमारतींना १९९५ पासून नियमावली आहे, पण कुणब्याचं घर कसं होतं, ज्वारी कुठं ठेवायचे, बाळंतिणीची खोली कुठली, हे ज्या दगडात लिहिलंय त्याची गावात साधी नोंद पण होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं साहेब.

म्हणून विनंती अशी की घरकुलाच्या अर्जात "जुन्या दगडी घराचं मजबुतीकरण" असा एक पर्याय टाका, सुरुवातीला लातूर-धाराशिवच्या एक-दोन तालुक्यांत करून बघा. पैसे हप्त्यानं, फोटो बघून, आत्ता देता तसेच द्या. तालुक्यातल्या गवंड्यांना प्रशिक्षण द्या. सामायिक तुळई कापायच्या आधी शेजाऱ्याच्या छताला आधार देणं सक्तीचं करा, याला तर पैसा पण लागत नाही. आणि ज्याला पाडायचंच आहे त्यानं पाडावं, फक्त त्याआधी ग्रामपंचायतीत घराचं माप आणि फोटो जमा व्हावेत.

आमच्या वाट्याचे सात खण अजून उभे आहेत. या उन्हाळ्यात मी आणि वडील माळवदाची माती उतरवायला घेतोय, स्वतःच्या पैशानं, जेवढं जमेल तेवढं. आपले इंजिनियर पाठवले तर त्यांना भिंत उघडी असतानाच आतून बघता येईल, मृगाच्या आत मात्र यावं लागेल, नंतर आम्हाला माती परत टाकावी लागणार आहे.

आपला,
लातूर जिल्ह्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा