धामण मारू नका हो, ती आपल्याच परसातली आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी देवरुखात राहते. पुढे खळं, मागे परसू, थोडे माड-पोफळी, एक फणस, पागोळीखाली अळू आणि गडग्याला लागून हळद लावलेली, असं आमचं घर. शेजारच्या वहिनींचं आणि आमचं परसू एकच म्हणायचं, मधे फक्त कमरेएवढा रचलेला दगडांचा गडगा, त्यावरून इकडचं पडवळ तिकडे जातं आणि तिकडचं ताक इकडे येतं, त्यांची मांजर आमच्याकडे विते आणि आमच्या कोंबड्या त्यांच्या लाकडांच्या खोपीत अंडी घालतात. पस्तीस वर्षं असंच चाललंय. हे पत्र त्या गडग्यात राहणाऱ्या एका धामणीबद्दल आहे, आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं.

मिरग लागून आठवडा झाला असेल. सकाळी अकराची वेळ, पाऊस थांबून कडक ऊन पडलेलं, मी दोरीवर कपडे घालत होते. ती गडग्यातून निघाली आणि वहिनींच्या खळ्यात उतरली. ही धामण मला नवीन नव्हती, चार-पाच वर्षं तरी मी तिला बघत होते, सासूबाई होत्या तोवर त्या तिला राखणदार म्हणायच्या आणि दिसली की बाजूला होऊन वाट द्यायच्या. पण त्या दिवशी वहिनींची दीड वर्षाची नात पडवीत चटईवर बसलेली होती, आणि ती दिसली तशी माझ्या तोंडून हाक गेली, "वहिनी, जनावर!"

त्या एका हाकेवर चार-पाच जणं धावली. कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या हातात बांबू. ती पळत होती हो, आणि घराकडे नाही, गडग्याकडेच पळत होती, पण वाटेत माणसं उभी राहिली आणि ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात सापडली. तिथे तिने मान फुगवली आणि गुरगुरल्यासारखा आवाज काढला. धामण कोंडीत सापडली की असंच करते, पण एकाने "फणा काढला, नाग आहे" म्हणून ओरडा केला आणि मग कोणी थांबलंच नाही. माझ्या उंचीपेक्षा लांब होती. नंतर एका पोराने काठीने तिला उलटी केली तर पोटाच्या मधोमध फुगवटा, जरा दाबलं तर तोंडातून उंदराचं शेपूट बाहेर आलं. म्हणजे ती सकाळीच आमच्यापैकी कोणाच्या तरी परसातला उंदीर गिळून ऊन खायला निघाली होती. शेपटी बराच वेळ वळवळत होती, त्यावर कोणीतरी म्हणालं हिच्या शेपटीतच विष असतं.

वहिनींना मी दोष देत नाही. नात समोर असताना कोण विचार करत बसणार. पोरांनाही नाही, ती जीव वाचवायलाच धावली होती. ओरडले मी, आणि मला माहीत असूनही "धामण आहे, जाऊ द्या" एवढे चार शब्द वेळेवर आले नाहीत, ते मला अजून लागतंय.

म्हणून आता लिहिते. धामण बिनविषारी. दातात नाही, शेपटीत नाही, कुठेच विष नाही. चावली तर रक्त येईल, जखम धुवायची आणि डॉक्टरांकडून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण सापाच्या तोंडाची ठेवणच अशी नाही की त्याला आचळ चोखता येईल, आणि दूध हे त्याचं अन्नच नाही. धामण म्हणजे नागाची मादी, हेही आपल्याकडे अजून सर्रास बोललं जातं, पण नागाची मादी नागीणच असते, धामणीत नर वेगळा मादी वेगळी. दोन धामणी अंगाला अंग पिळून उभ्या राहिलेल्या दिसल्या की लोक त्यांच्यावर टॉवेल टाकायला धावतात, शुभ म्हणून, ते बहुतेक वेळा दोन नर असतात आणि त्यांची झुंज चाललेली असते.

ओळखायची कशी, तर डोळे मोठे, बाहुली गोल, आणि तोंडाच्या कडेला ओठांवर पेनने मारल्यासारख्या काळ्या उभ्या रेघा. दिवसाउजेडी फिरते, अंगाने सडपातळ आणि पळायला भारी चपळ. ज्यांना खरंच भ्यायचं ते आपल्याकडे चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. मण्यार काळीभोर, पांढरे पट्टे, रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं धड कळतही नाही, म्हणून पावसात तरी पोरांना खाली झोपवू नका. फुरसं वीतभर-हातभर, आपल्या कातळावर आणि दगडाखाली असतंच. या चारांपैकी कोणीही चावलं तर उतारा एकच, हॉस्पिटलातली लस, ती या चारही विषांवर चालते. दोरीने आवळून बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, मंत्र घालणाऱ्याकडे एक मिनिट घालवायचं नाही, चावलेला हात-पाय हलू न देता गाडीत घालून सरळ सरकारी दवाखाना.

आता उंदरांचं. धामण गेल्यावर त्या पावसात आमच्या परसात घुशींनी जो उच्छाद मांडला तो मी आधी बघितला नव्हता. कोनफळाचे वेल वरून हिरवेगार आणि खाली नुसतं पोकळ, रताळ्यांची तीच गत, वहिनींच्या कोंबडीची सात पिल्लं होती त्यातली दोन राहिली. धामण मेली म्हणूनच हे सगळं झालं असं मी छातीठोक सांगत नाही, पाऊसही त्या वर्षी लांबला होता. आणि धामणसुद्धा कधी एखादं पिल्लू नेते, नाही असं नाही. पण ती उंदराच्या बिळात शिरून आख्खी वीण संपवते, मांजराला ते जमत नाही.

आणि उंदीर म्हणजे नुसती रताळी नाहीत. माझ्या धाकट्या दिरांना लावणीच्या दिवसात लेप्टो झाला होता. पायाला चिखल्या झालेल्या, तसेच शेतात उतरले. उंदराचं मूत मिसळलेल्या पाण्यातून तो रोग जखमेवाटे अंगात शिरतो हे आम्हाला तेव्हा कळलं, ताप अंगावर काढला, डोळे पिवळे झाल्यावर अ‍ॅडमिट केलं, अकरा दिवस. घरी आले तेव्हा अंगणातून पडवीच्या पायऱ्या चढताना त्यांना धरावं लागत होतं. आरोग्य खात्याची माणसं दर पावसात गोळ्या घ्या म्हणून सांगत येतात ती ह्याच्यासाठी, तर त्या घ्याच. आणि ज्या उंदरामुळे हे होतं तो फुकटात खाणारं जनावर आपण कोयत्याने तोडतो.

श्रावणात नागपंचमीला मी नेहमीसारखा मातीचा नाग आणला, लाह्या वाहिल्या, पातोळ्यांसाठी हळदीची पानं काढायला गडग्याजवळ गेले, आणि तिथे मला धड उभं राहवेना. त्या दिवशी आपण विळीने चिरत नाही, जमीन खणत नाही, सापाला लागेल म्हणून.

कायदाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात धामणीला संरक्षण आहे, मारणं हा गुन्हा. पण कायद्याच्या धाकाने कोणी काठी खाली ठेवेल असं मला वाटत नाही, कोणाला फोन करायचा ते माहीत असेल तर ठेवेल. गेल्या वर्षी वहिनींच्या खोपीत पुन्हा साप निघाला, पट्टे दिसले म्हणून सगळ्यांना मण्यार वाटली. या वेळी मी नंबर लिहून ठेवला होता. सर्पमित्र वीस मिनिटांत आला, दिवसा दुकानात काम करणारा पोरगा, हेल्मेटसुद्धा न काढता आधी सगळ्यांना मागे केलं, लाकडं एकेक करून उचलली आणि निघाला कवड्या, बिनविषारी. पेट्रोलचेही पैसे घेईना, वहिनींनी बळेच चहा पाजला. जाताना एवढंच म्हणाला की काकी, आधी काठी मारून मग आम्हाला बोलावू नका, आणि येईपर्यंत एकाने लांबून नजर ठेवा, नाहीतर शोधायचं कुठे. त्याच्याच सांगण्यावरून आम्ही दोन्ही घरांनी पावसाळी लाकडं भिंतीपासून लांब, विटांवर रचली, न्हाणीच्या पाण्याच्या पाइपला जाळी बसवली आणि रात्री खळ्यात उतरायचं तर बॅटरी घेऊनच.

नगरपंचायतीला माझी विनंती आहे की भाजी मार्केट आणि एस. टी. स्टँडवर एक बोर्ड लावावा, त्यावर आपल्या भागातल्या दोन-तीन सर्पमित्रांचे नंबर आणि वनखात्याचा टोल फ्री १९२६, मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल असा. वाढदिवसाचे बॅनर लागतात त्या जागेत सहज बसेल.

आणि संपादकसाहेब, तुमच्याकडे एक मागणं. जूनच्या पहिल्या आठवड्यात चार विषारी सापांचे आणि शेजारी धामणीचा असे पाच रंगीत फोटो तुमच्या पेपरात अर्ध्या पानावर छापा, खाली नावं द्या, कापून ठेवता येतील असे. वहिनींनी ते फ्रिजवर लावायचं कबूल केलंय. त्यांची नात आता बोलायला लागलीये, तिला आधी धामणच दाखवणार आहोत.

आपली,
एक वाचक, देवरुख