जुन्या बीटलमधली ऊब

महोदय,

धुळ्यात थंडी पडली की माझ्या जुन्या फोक्सवॅगन बीटल मोटारीत बसणारे आधी पाय आखडून घेतात. या गाडीला रेडिएटर नाही, म्हणून इतर गाड्यांसारखी इंजिनाच्या गरम पाण्यावरची ऊबही नाही. धुराच्या नळ्यांभोवती पत्र्याचं कवच असतं; त्यात तापलेली हवा इंजिनाचा पंखा दारांखालच्या पोकळ पट्टीतून पुढे ढकलतो. म्हणून उभ्या गाडीत ऊब जवळजवळ नाहीच. लळिंगचा घाट चढताना मात्र पाय शेकतात. पट्टी गंजली तर ऊब रस्त्यावरच जाते. ते परवडलं. पण कवचातली नळी फुटली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो, आणि त्याला वास नसतो. एका मित्राने तर कोळशाची शेगडीच आत ठेवायला सुचवलं! तोच वायू, हाताने आत नेऊन. गोधडी घ्या, काच बोटभर उघडी ठेवा, नळ्या थंडीआधीच तपासून घ्या.

— एक वाचक, देवपूर, धुळे