दिग्या, आण्णांचा आवाज सापडला

शहापूर, बेळगाव

प्रिय दिग्या,

फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच बोलतोस आणि मला हे सलग सांगायचं आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीची ती कॅसेट मिळाली. माळ्यावरच्या ट्रंकेत होती. तायडीच्या लग्नाचं शूटिंग तिच्यावरच केलं म्हणून इतकी वर्षं तू भांडत आलास, तो आळ आता मागे घे. लग्न वेगळ्या कॅसेटवर आहे, आणि त्यात तू पंगतीत तिसऱ्यांदा जिलेबी मागताना स्पष्ट दिसतोस.

मारुती गल्लीच्या तोंडाशी आपण उभे आहोत. व्हिडिओ कॅमेरा माझ्या खांद्यावर, तू निकॉनचा एफएम टू कॅमेरा घेऊन समोरच्या कट्ट्यावर चढलेला. दोन चित्ररथांमध्ये अंतर पडतं, ढोल पुढे निघून जातो, आणि तेवढ्या शांततेत आण्णा मला म्हणतात, "आमचा दिग्या बघ की. त्याला आता काय सांगायला लागत नाही बघ."

एवढंच वाक्य. पुढचा रथ येतो आणि परत गोंगाट.

तू पुण्याला गेल्यापासून "म्हातारा माझ्या कामावर कधी खूश नव्हता" हे तुझं चाललेलं असतं. मी वाद घालायचो, पण माझ्या हातात काही नव्हतं. आता आहे. आणि नेमकं तिथेच सगळं अडलंय, म्हणून हे पत्र.

टीव्हीवर लावली की आण्णा दिसतात. चित्र थोडं थरथरतं, वरची कड वाकते, पण चेहरा ओळखू येतो. संगणकात घ्यायला गेलं की बरोबर त्या वाक्याला पडदा निळा. वाक्य संपलं, रथ आला, की चित्र परत हजर.

आधीच्या अडचणी सुटल्या. बेळगावचा पाऊस तुला माहीत आहे, ट्रंकेतल्या निम्म्या कॅसेटींवर पांढरी बुरशी. त्या मी व्हीसीआरजवळसुद्धा नेल्या नाहीत, बुरशी हेडला लागली की पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. ही एक स्वच्छ निघाली. खडेबाजारातल्या रिपेरीवाल्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड पुसून दिलं, "आयतु, होतंय" म्हणाला. मग चित्र आलं ते काळंपांढरं आणि लोळणारं. टेपचं चित्र संगणकात घेणारं कॅप्चरचं यंत्र एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर होतं, आपल्याकडचं सगळं पाल पद्धतीचं. ते बदलल्यावर रंग आले. एकदा लॅपटॉपवर काहीच दिसेना, तर विंडोजच्या प्रायव्हसीत कॅमेऱ्याची परवानगी बंद. हे यंत्रही विंडोजच्या लेखी कॅमेराच. आवाजात घूं घूं यायची, ती चार्जर काढून बॅटरीवर चालवल्याबरोबर गेली. ओंकार म्हणाला, एचडीएमआयचा स्वस्त कन्व्हर्टर घेऊया. मी नको म्हटलं. व्हीएचएसचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेमांचं, ७२० बाय ५७६ मध्ये जसंच्या तसं घ्यायचं. तो डबा ते आधीच ताणून मोठं करतो, आणि मग अर्ध्या फ्रेमा नीट वेगळ्या करता येत नाहीत.

पण हा निळा पडदा हटेना. त्या जागी टेपच्या खालच्या कडेला चुणी पडली आहे. खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक असतो, टेपच्या चालीचं भान व्हीसीआरला त्यावरून राहतं. आवाज वरच्या कडेला. म्हणून आण्णांचा आवाज शाबूत आणि चित्राची चाल बिघडलेली. जुना टीव्ही अशी डगमगती चाल चालवून घेतो. कॅप्चरची चिप घेत नाही, तिला सिग्नल सापडला नाही की ती निळा पडदा टाकते. टेपवर चित्र आहे रे! ते गेलेलं नाही, हे आधी डोक्यात बसव.

उपाय तुझ्या घरी आहे. मेहुण्यानं दुबईहून आणलेला तो पॅनासॉनिकचा डीव्हीडी रेकॉर्डर. मागच्या पट्टीवर ईएस १० किंवा ईएस १५ लिहिलंय का बघ. असा रेकॉर्डर व्हीसीआर आणि कॅप्चरच्या यंत्राच्या मध्ये जोडला की तो प्रत्येक फ्रेम आधी स्वतःच्या मेमरीत धरतो आणि पुढे सरळ चालीनं सोडतो. डिस्कवर काही रेकॉर्ड करायचं नाही, नुसतं त्याच्यातून जाऊ द्यायचं. ही कॅसेट मी आता चालवत नाही. चुणी प्रत्येक वेळी हेडवरून जाते, आणि व्हीसीआरही तब्येत सांभाळूनच वापरायचा. शेवटची जपानी कंपनी, फुनाई, तिनंसुद्धा २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. तू समोर असताना एकदाच लावायची. आणि दुकानात देऊन "पेन ड्राइव्हवर करून घे" म्हणू नकोस, आपलं भांडण होईल.

कॅमेऱ्याचं विचारलं होतंस. निकॉनचा झेडएफ की झेड ६ थ्री. "रेट्रो म्हणजे नुसता वेष" हे तुझं वाक्य मी विसरलेलो नाही, पण या कॅसेटीत आण्णांचं बोट बघ. मान मिरवणुकीकडे, डोळे तुझ्याकडे, आणि बोट १०५ मिलिमीटरच्या लेन्सच्या अपर्चरच्या कड्यावर, न बघता दोन घरं फिरवलेलं. ती लेन्स आणि ५० मिलिमीटरची, दोन्ही तुझ्या कपाटात आहेत. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावून दोन्ही झेडएफवर बसतात. फोकल लेंग्थ एकदा मेनूत भरली की सेन्सरचं स्थिरीकरणही मिळतं, आणि हातानं फोकस करताना तो डोळा शोधून देतो, तिथेच मोठं करून बघता येतं. अपर्चर लेन्सवर, शटर आणि आयएसओ वरच्या चकत्यांवर. कॅमेरा बंद असला तरी काय लावलंय ते दिसतं. नवी ऑटोफोकस लेन्स लावलीस तर मात्र अपर्चर पुढच्या चाकावर जातं आणि निम्मी मजा तिथेच संपते. त्या लेन्स लावणार नसशील तर तुझं वेषवालं म्हणणं खरं, मग घेऊ नकोस.

ओंकारला मी झेड ६ थ्रीच घ्यायला सांगितलं. दोन्हींचे मेगापिक्सेल २४.५च, पण त्याला लग्नं करायची आहेत. पकडायला नीट ग्रिप, पूर्ण रुंदीचा फोरके व्हिडिओ सेकंदाला साठ फ्रेमांत, मोठं एचडीएमआय. झेडएफ साठ फ्रेमांना चित्र कापतो, आणि त्याचं दुसरं कार्ड मायक्रोएसडी, तेही बॅटरीच्या झाकणाखाली. मांडवातल्या गर्दीत ते नखाएवढं कार्ड कोण बदलत बसणार? तू लग्नं करणार नाहीस. तू झेडएफ घे.

माझा बीपी ठीक, हिचे गुडघे तसेच. मुग्धाच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींची बदली टळली हे ऐकून बरं वाटलं. नव्या फ्लॅटचं बघायला येतो, दिवाळीनंतर.

तू आधी ये. शनिवारी निघ, निपाणीला पोचलास की फोन कर, ही मांडे करून ठेवणार आहे. रेकॉर्डरचा रिमोट विसरू नकोस, लाइन इनपुट निवडायला लागेल.

तुझा,
बाळ्या